गणपूर्ती

एल्डन रूडने चाळणी उचलून दोन्ही हातांनी हलवली, तशी राख खाली गळाली आणि जाळीवर चार खिळे, वितळून गोळा झालेली काच आणि एका कपाचा कान उरला. खिळे त्याने बादलीत टाकले, काच बाजूला सारली. कपाचा कान हातमोज्यात धरून तो क्षणभर तसाच उभा राहिला.

"तो टाकू नकोस," मागून थेल्माबाई म्हणाल्या. "निळ्या कपाचा आहे. बाकीचा कपही तिथेच कुठेतरी असेल."

त्याने मान हलवली आणि कान त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांच्या अंगात कुणाचा तरी दोन मापं मोठा कोट होता. बाह्या दुमडून कोपरापर्यंत आणल्या होत्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, अठ्ठावीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेली. लून क्रीकमधल्या प्रत्येक घरचा पत्ता तिला तोंडपाठ होता, आणि आज तिच्याच घराच्या जागी काळा चौकोन पडला होता.

शनिवारची दुपार होती. सूर्य स्प्रूसच्या झाडांच्या शेंड्यांवर जेमतेम टेकला होता. अलास्कातल्या डिसेंबरात तो तेवढाच येतो, तोंड दाखवतो आणि जातो. त्या रस्त्यावर राहणाऱ्या वीसेक माणसांनी येऊन पत्रे ओढले होते, जळकी लाकडं एका बाजूला रचली होती. गराज वाचलं होतं. तिथे कुणीतरी मूसच्या मांसाचा रस्सा मोठ्या पातेल्यात गरम करत होतं, आणि आत थेल्माबाईंची खाट टाकलेली होती. गावात तीन घरांनी राहायला बोलावलं, पण त्यांनी कुणाचं ऐकलं नाही.

एल्डन सगळ्यांच्या आधी आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. घरची वाळू चाळायची चाळणी घेऊन तो उजाडण्यापूर्वीच इथे उभा होता, आणि तेव्हापासून रस्सा प्यायलाही थांबला नव्हता.

"वह्या कुठे होत्या?" त्याने विचारलं.

"उत्तरेच्या खोलीत. तू आत्ता उभा आहेस ना, तिथेच कपाट होतं."

त्याने पाय उचलून मागे घेतला.

एकेचाळीस वर्षं थेल्माबाई रोज सकाळी सहा वाजता बाहेरचं तापमान, वारा, बर्फ वहीत लिहीत आल्या होत्या. हवामान खात्यासाठी. नवरा वारला त्या दिवशीही लिहिलं होतं.

"आकडे खात्याकडे आहेत म्हणतात," त्या म्हणाल्या. "आकड्यांचं मला काही नाही. समासात मी आपलं काहीबाही लिहायची. ते कुणाकडे नाही."

तो पुन्हा वाकला आणि फावडं भरून राख चाळणीत ओतली.

"तू जरा बस, एल्डन. मंडळावरची माणसं तुम्ही, आधीच सगळ्यांसाठी एवढं करता. आता हमालीही करायची का?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पलीकडे क्लाइड होवी वाकडा झालेला पत्रा ओढताना मोठ्या आवाजात बोलत होता. थेल्माबाईंच्या शेजारचं घर त्याचं. आगीची पहिली खबर त्यानेच फोनवर दिली होती.

"पंचवीस मिनिटं! मी घड्याळ बघत होतो. बर्च फ्लॅटचं स्टेशन इथून चार मैलांवर. त्यांचा बंब तिथे उभा, माणसं तिथे झोपलेली, आणि आमचा बंब येतोय सतरा मैलांवरून. आणि हे चीफसाहेब इथे पोचल्यावर बर्च फ्लॅटला फोन करतात! आधी नाही सुचलं?"

अग्निशमन दलाचा चीफ डॉयल पिअर्स दहा पावलांवर लाकडं रचत होता. त्याने ऐकलं, पण वर पाहिलं नाही. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मंगळवारी सभेत लोक आपल्याला सोलून काढणार आहेत हे त्याला ठाऊक होतं.

एल्डनने चाळणी हलवली. यावेळी जाळीवर काहीच उरलं नाही.

*

लून क्रीकचं अग्निसेवा क्षेत्र म्हणजे सत्तर मैल रस्ता, दोन बंब, बावीस स्वयंसेवक आणि पाच नागरिकांचं मंडळ. मंडळाला पगार नाही, गणवेश नाही. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता स्टेशनच्या मागच्या खोलीत बसायचं, चीफचा अहवाल ऐकायचा, बंब कुठे ठेवायचा, पाणी कुठून घ्यायचं, कुणाशी कसला करार करायचा ते ठरवायचं. शेवटचा शिक्का बरोच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मोठ्या सभेचा. पण मंडळाने हात वर केल्याशिवाय कागद तिथवर पोचत नसे.

पाचांपैकी दोन खुर्च्या उन्हाळ्यापासून रिकाम्या होत्या. एक जण दक्षिणेला लेकीकडे राहायला गेला होता, दुसरी कंटाळली होती. किराणा दुकानाच्या दारावर 'मंडळासाठी सदस्य हवेत' अशी चिठ्ठी लावली होती, तिचा रंगही उडाला होता. उरले होते तिघं. शाळेच्या कचेरीत काम करणारी नादिन ओस्कोल्कॉफ अध्यक्ष; शाळेचाच बॉयलर सांभाळणारा रोमेल अबालोस; आणि एकतीस वर्षं बरोचा रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवून निवृत्त झालेला एल्डन. गणपूर्तीला तीन माणसं लागत. म्हणजे तिघांपैकी एक जरी नसला, तरी सभा नाही.

ऑक्टोबरच्या सभेत तळ्यातून पाणी खेचायचा पाइप कुठे बसवावा हा विषय होता. एल्डनला तळ्याचा प्रत्येक काठ माहीत होता. कुठे बर्फ आधी धरतो, कुठे गाळ आहे, कुठे वसंतात रस्ता खचतो, सगळं. तो बोलत राहिला. नादिनने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"एल्डन, आपण लोकांना तीन मिनिटं देतो. तुला तेरा झाली."

रोमेल हसला. तो एल्डनला 'मानोंग' म्हणायचा. त्याच्या गावाकडे थोरल्या भावाला तसंच म्हणत.

"मानोंगचा ग्रेडर एकदा सुरू झाला की रस्ता संपेपर्यंत थांबत नाही."

चीफला इतकं हसू आलं की त्याची कॉफी सांडली. एल्डनही हसला. त्या वेळी हसलाच. गाडीत बसल्यावर मात्र त्याचा जबडा आवळला गेला, आणि घरी पोचेपर्यंत तो तसाच होता.

नोव्हेंबरच्या त्या मंगळवारी पाच वाजता त्याने नादिनला फोन लावला आणि आधी खोकून घेतलं.

"तापच आहे गं. आज काही जमत नाही."

"अरे देवा. एल्डन, आज बर्च फ्लॅटचा करार आहे. महिनाअखेर संपतोय तो. फोनवरून जोडून घेऊ का तुला? नुसतं हो म्हणायचंय."

"आवाजच निघत नाहीये," तो घोगऱ्या आवाजात कुजबुजला.

"बरं. झोप काढ. बघू काय ते."

त्याने फोन ठेवला. बायको, मर्ना, ओट्याशी बटाटे सोलत होती. तिने सुरी थांबवून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सोलायला लागली. त्या संध्याकाळी त्याने हॅलिबट माशाचे दोन मोठे तुकडे खाल्ले. सात वाजले तेव्हा त्याने घड्याळाकडे पाहिलं. आता ते दोघं मागच्या खोलीत बसले असतील. चीफ कागद घेऊन उभा असेल. सव्वासातला नादिन म्हणेल, चला, उठा, एल्डन नाही तर सभा नाही. हे सगळं त्याला डोळ्यांपुढे दिसलं, आणि त्याला बरं वाटलं. खरोखरच बरं वाटलं. पुढे त्याला सर्वांत जास्त छळलं ते याच आठवणीने.

नऊ वर्षं तो करार होता. हद्दीजवळ कुठेही आग लागली की दोन्ही स्टेशनांचे पेजर एकदमच वाजायचे आणि ज्याचा बंब जवळ तो आधी पोचायचा. तीस नोव्हेंबरला तो संपला. सभा झालीच नव्हती, तेव्हा नवा करार टेबलावर तसाच पडून राहिला. डिसेंबरात करू, असं सगळ्यांनी म्हटलं. चार तारखेला सकाळी साडेसहाला थेल्माबाईंच्या धुराड्यातून छताला आग लागली.

पाच तारखेला एल्डन न्याहारीला बसला, तर त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवलेली होती. सील न फोडलेली. मर्ना खिडकीशी पाठमोरी उभी होती. त्याने बाटली उचलून फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टेबलावर होती.

*

मंगळवारी मागच्या खोलीत खुर्च्या पुरल्या नाहीत. एरवी लोकांसाठी मांडलेल्या आठांपैकी दोन भरत. त्या दिवशी माणसं भिंतीला टेकून, दारात, दाराबाहेरच्या बंबाच्या पायरीवरसुद्धा बसली होती. ओल्या बुटांचा आणि करपलेल्या कॉफीचा वास भरला होता. क्लाइड पहिल्या रांगेत, हातात घडी केलेला कागद. त्याच्या पलीकडे थेल्माबाई, तोच मोठा कोट घालून. चीफ बाजूच्या टेबलाशी, समोरचा अहवाल पुन्हा पुन्हा सरळ करत.

एल्डन आपल्या जागी बसला. त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी, त्यापलीकडची रिकामी. सदऱ्याच्या खिशात दुपारी लिहिलेला राजीनामा होता, चारच ओळींचा. मर्नाला त्याने तो वाचून दाखवला होता. ती म्हणाली होती, "आजारी होतो असं यात कुठे लिहिलं नाहीस?" "नाही," तो म्हणाला. "आजारी नव्हतो असंही नाही लिहिलंस," ती म्हणाली होती.

नादिनने लाकडी हातोडी टेबलावर टेकवली.

"ओस्कोल्कॉफ, हजर. अबालोस?"

"हजर."

"रूड?"

"हजर."

"गणपूर्ती आहे. सभा सुरू. पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त. नोव्हेंबरचं. अर्धंच पान आहे, सगळ्यांनी वाचलं असेल. दुरुस्त्या?"

असं विचारताना तिने कागद उलटलाही होता. या विषयावर कधीच कुणी काही बोलत नसे.

एल्डनने समोरच्या अर्ध्या पानाकडे पाहिलं. 'ओस्कोल्कॉफ, अबालोस हजर. रूड गैरहजर, आजारपणामुळे, रजा मान्य. गणपूर्तीअभावी सभा झाली नाही.' पहिल्या रांगेत क्लाइड आपला कागद उलगडत होता. चीफ घोटभर पाणी प्यायला.

"एक दुरुस्ती आहे," एल्डन म्हणाला.

नादिनने वर पाहिलं. "बोल."

"आजारपणामुळे असं लिहिलंय. ते खोडा."

"म्हणजे?"

"मी आजारी नव्हतो."

खोलीत कुणीतरी पाय हलवला.

"ताप नव्हता. खोकला नव्हता. घरी बसून जेवत होतो." त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता. "ऑक्टोबरात तुम्ही हसलात मला. ते लागलं. म्हटलं, एक सभा बुडू दे, म्हणजे कळेल यांना. करार आहे हे ठाऊक होतं. नादिनने फोनवर सांगितलं होतं. तरी."

तो थांबला.

नादिन त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या गळ्यापासून वर लाली चढत गेली. तिने हातोडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"सूचना आहे," ती सावकाश म्हणाली, "की 'आजारपणामुळे, रजा मान्य' हे शब्द काढून 'रजा नाही' असं लिहावं. अनुमोदन?"

रोमेल टेबलाकडे पाहत होता.

"अनुमोदन लागतं," नादिन म्हणाली. "नाहीतर आहे तसंच राहील."

"मानोंग," रोमेल हलकेच म्हणाला, "कशाला?" मग, कुणाकडेच न बघता, "अनुमोदन."

तिघांनी हात वर केले. दुरुस्ती मंजूर झाली. कारकून मुलीने लिहून घेतलं.

एल्डनने खिशातून राजीनामा काढून नादिनपुढे सरकवला. तिने तो उघडला, वाचला, आणि बोटाने परत त्याच्याकडे ढकलला.

"हा आत्ता घेतला तर आम्ही दोघं उरतो," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण खोली इतकी गप्प होती की तो शेवटच्या माणसापर्यंत गेला. "दोघांत सभा होत नाही. करार आजही राहील. अजून एक महिना. कळतंय का तुला, काय सांगतेय मी?"

"कळतंय."

"मग बस. शेवटपर्यंत बसायचं."

तो बसला. सगळ्या खोलीच्या नजरा त्याच्यावर होत्या, आणि त्याला उठून जाता येत नव्हतं. माझ्यावाचून यांचं अडतं हे दिसू दे, अशीच त्याची इच्छा होती. आता ते सगळ्यांना दिसत होतं.

"लोकांची निवेदनं," नादिन म्हणाली. "प्रत्येकी तीन मिनिटं. क्लाइड होवी."

क्लाइड उभा राहिला. कागद त्याने दोन्ही हातांत धरला होता, आणि त्या कागदावर बरंच काही लिहिलेलं होतं. मागून शाई दिसत होती. त्याने चीफकडे पाहिलं. मग एल्डनकडे. मग पुन्हा कागदाकडे.

"हे मी चीफसाठी लिहून आणलं होतं," तो म्हणाला. "आता याचा काही उपयोग नाही."

त्याने कागदाची घडी घातली.

"डॉयल, मी शनिवारी जे बोललो ते…" त्याने हात हवेत हलवला आणि खाली बसला.

यादीत आणखी चार नावं होती. नादिनने एकेक घेतलं. चौघांनीही बसल्याबसल्या नकाराची मान हलवली. एल्डनला वाटलं, कुणीतरी उठून शिव्या द्याव्यात. तीन मिनिटं, पाच मिनिटं, हवा तेवढा वेळ. कुणी उठलं नाही.

चीफने अहवाल वाचला. आगीपाशी आल्यावर तो थांबला.

"नऊ वर्षं पेजर आपोआप वाजायचा," तो म्हणाला. "करार संपलाय हे मला माहीत होतं, पण त्या सकाळी गाडी चालवताना माझ्या डोक्यात बर्च फ्लॅटवाले निघालेच असतील, असंच होतं. पोचलो तेव्हा कळलं. ती चूक माझी. ती दुसऱ्या कुणाच्या नावावर जात नाही."

"ते आधी आले असते तर?" मागून एका बाईने विचारलं. नादिनने तिला थांबवलं नाही.

डॉयलने थेल्माबाईंकडे पाहिलं. त्यांनी किंचित मान हलवली, सांग म्हणून.

"स्वयंपाकघर गेलंच असतं," तो म्हणाला. "उत्तरेची खोली कदाचित राहिली असती."

एल्डनने टेबलाची कड धरली होती. बोटांच्या पेरांना अजून राखेचा करडा रंग होता. दोनदा साबणाने धुऊनही तो गेला नव्हता. त्याने हात खाली घेतले.

मग करार. नादिनने वाचला, रोमेलने सूचना मांडली, एल्डनने अनुमोदन दिलं. नावं पुकारली गेली.

"रूड?"

"हो."

सगळं मिळून चार मिनिटं लागली. नोव्हेंबरातही चारच लागली असती.

"नवा विषय," नादिन म्हणाली. "रिकामी जागा. एक अर्ज आलाय. रविवारी लिहिलेला." तिने कागद हातात घेतला, पण वाचला नाही. "थेल्मा क्विस्ट. थेल्माबाई, तुम्ही हा लिहिलात तेव्हा हे सगळं… म्हणजे अजूनही इच्छा आहे का?"

थेल्माबाई उभ्या राहिल्या. कोटाच्या बाह्या पुन्हा सुटल्या होत्या. त्या त्यांनी शांतपणे दुमडल्या, आधी एक, मग दुसरी.

"आता जास्तच आहे," त्या म्हणाल्या. "सहा महिने ती चिठ्ठी दुकानाच्या दारावर होती. मी रोज तिथून दूध घेऊन जायचे. वाचायचे आणि म्हणायचे, भरेल कुणीतरी. माझा पत्ता अजून याच क्षेत्रातला आहे. गराजचा."

कुणीतरी हसलं, आणि लगेच थांबलं.

"सूचना?" नादिनने विचारलं.

"मी मांडतो," रोमेल म्हणाला.

"अनुमोदन?"

अध्यक्ष अनुमोदन देत नसे. उरला एकच माणूस. एल्डनने तोंड उघडलं, पण घशातून खरंच आवाज निघेना. त्याने खाकरलं. खोलीत सगळे वाट पाहत होते, थेल्माबाईही, उभ्याच.

"अनुमोदन," तो म्हणाला.

कारकून मुलीने शपथेचा कागद आणला. थेल्माबाईंनी उजवा हात वर करून शपथ वाचली, पोस्टात पत्ते वाचत तशाच स्वच्छ आवाजात. मग टेबलाला वळसा घालून त्या आल्या. रिकाम्या खुर्च्या दोन होत्या. त्यांनी एल्डनच्या लगतची ओढली.

शेवटचा विषय, सदस्यांचं म्हणणं. रोमेलला काही म्हणायचं नव्हतं. नादिनने एल्डनकडे पाहिलं. त्याने राजीनाम्याची चिठ्ठी हाताखालून काढून पुन्हा पुढे केली.

"आता घेता येईल," तो म्हणाला.

नादिन काही बोलण्याआधी थेल्माबाई त्याच्याकडे वळल्या. इतक्या जवळून की त्यांच्या कोटाला धुराचा वास येत होता.

"आता आपण चौघं आहोत, एल्डन," त्या म्हणाल्या. "तुला रुसायचं असलं तर खुशाल रुस. सभा होईल."

चेहऱ्यावर राग नव्हता. हसूही नव्हतं. पोस्टाच्या खिडकीतून तिकीट कमी पडलं असं सांगावं, तसं सांगितलं त्यांनी. एल्डनचे कान पेटले. या खोलीत आज जे काही झालं, त्यात हे ऐकून घेणं सर्वांत कठीण होतं.

नादिनने चिठ्ठी घेतली नाही. "जानेवारीत दे, द्यायचीच असली तर," ती म्हणाली आणि हातोडी टेकवली.

लोक उठले. कुणी त्याच्याशी बोललं नाही, कुणी मुद्दाम टाळलंही नाही. त्याच्या बाजूने जाताना आवाज आपोआप खाली येत होते, एवढंच. तो खुर्च्या घडी करून भिंतीला लावू लागला. रोमेल येऊन त्याच्याबरोबर खुर्च्या उचलायला लागला. थेल्माबाई दाराशी हातमोजे घालत होत्या.

"मी सोडू का तुम्हाला?" एल्डनने विचारलं. "वाटेतच आहे."

"नको," त्या म्हणाल्या. "डॉयल सोडतोय."

आणि त्या गेल्या.

घरी मर्ना जागीच होती. टेबलावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. त्याने तिला सगळं सांगितलं, क्रमाने, काही न गाळता. सात वाजता घड्याळाकडे पाहून बरं वाटलं होतं तेसुद्धा. ते त्याने सभेत सांगितलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं. मग उठून ताट गरम केलं आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

*

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारपासून बर्फ पडत होता. एल्डन सहालाच निघाला, पण वळणावर एक ट्रक आडवा झालेला होता आणि तो बाजूला होईपर्यंत पाऊण तास गेला. स्टेशनच्या आवारात त्याने गाडी लावली तेव्हा सात वाजून सहा मिनिटं झाली होती. मागच्या खोलीत दिवा होता. गाडीतून उतरण्यापूर्वी तो थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

त्याने दार उघडलं. सभा सुरू झालेली होती. नादिन काहीतरी वाचत होती. तिने वाचणं थांबवलं नाही, वरही पाहिलं नाही. रोमेल टिपण घेत होता. लोकांच्या खुर्च्यांत दोनच माणसं होती, त्यातला एक क्लाइड. दाराकडे कुणाचं लक्ष नव्हतं, कुणी त्याची वाट पाहत थांबलं नव्हतं.

त्याने टोपीवरचा बर्फ बाहेरच झटकला, दार आवाज न करता लावलं आणि भिंतीच्या कडेने आपल्या जागेपाशी गेला. खुर्ची ओढताना तिचा पाय फरशीवर करकरला. तो अवघडून बसला. समोर कागद नव्हता. कारकून मुलीने त्याच्या जागी ठेवलाच नव्हता.

थेल्माबाईंनी समोर पाहतच आपला कागद त्या दोघांच्या मधोमध सरकवला, आणि सभा कुठपर्यंत आली होती त्या ओळीवर बोट ठेवलं.